सात वाजताचं अर्धं वाक्य

साडेपाच ते सात. स्वयंपाकघरातलं टेबल, भिंतीकडची खुर्ची, रेघांची वही. सात वाजले की हातातलं वाक्य आहे तिथे सोडायचं. पुढचा शब्द जिभेवर आलेला असला तरी सोडायचं. वही मिटून फ्रिजवर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही.

सत्तावीस वर्षं मी अशीच लिहीत आले आहे. कुणी विचारलं की सांगते, अर्धं वाक्य वाट बघत असलं की सकाळी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही. ऐकणारे माना डोलावतात. एका मासिकाने तर ते चौकटीत छापलं होतं.

ते खरं नाही. खरं काय ते सांगते, पण आधी मंगळवार.

मंगळवारी साडेपाचला वही उघडली तर माझं अर्धं वाक्य कुणीतरी पूर्ण

*

केलेलं होतं.

मी सोडलं होतं ते असं: औषधांच्या बाटल्यांशेजारी पाण्याचा ग्लास होता आणि तो

वहीत आता होतं: औषधांच्या बाटल्यांशेजारी पाण्याचा ग्लास होता आणि तो खाली पडला होता, पण फुटला नव्हता.

निळी शाई, माझ्याच पेनाची. अक्षरही माझंच वाटत होतं. फक्त पूर्णविराम इतका दाबून दिला होता की मागच्या पानावर बोट फिरवलं तर लागत होता.

पहिला विचार आला तो असा की मीच लिहिलं आणि विसरले. एकोणपन्नास वय आहे. मागच्या महिन्यात चाव्या फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. पण चाव्या फ्रिजमध्ये ठेवणं वेगळं आणि वाक्य लिहून विसरणं वेगळं. वाक्य विसरायला लागले तर माझ्याकडे उरतं काय? मी ती ओळ पाच-सहा वेळा वाचली. आणि वाक्य माझ्या वाक्यांपेक्षा चांगलं होतं, हेही खरं.

सातला नवरा उठून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर उंच इमारतींत लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून आलेल्या माणसाला घरात कशाचंच विशेष वाटत नाही.

"माझ्या वहीत तू काही लिहिलंस का?"

"मी तुझी छापलेली पुस्तकं वाचत नाही, वही कुठे वाचत बसू?"

"चेष्टा नको. खरं सांग."

"अगं, तूच लिहिलं असशील. परवा चष्मा डोक्यावर ठेवून मला घरभर फिरवलंस ना?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "चहा होणार आहे का आज? एवढ्या वेळात वॉर्डातला पेशंट दोनदा बरा होऊन घरी गेला असता."

"किंवा एकदाच वर," नवरा माझ्या कानाशी पुटपुटला.

"ऐकू येतं मला, जावईबापू."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. छत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात वॉर्ड सिस्टर होती. जुन्या वस्तीत अजून तिला सगळे सिस्टरच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी खुबा मोडला तेव्हापासून ती आमच्याकडे आहे, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. माझी पाच पुस्तकं आहेत, त्यातलं तिने एकही वाचलेलं नाही. डोळे दुखतात म्हणते. औषधाच्या खोक्यातला बारीक टायपातला कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.

*

कादंबरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक सुतार आहे. अर्धांगवायूने आठ महिने अंथरुणाला खिळलेला. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी आहे. बायको कामावर जाते तेव्हा मुलगी बापाला सांभाळते. एका दुपारी सुतार जातो. कादंबरी त्या एका दुपारची.

माझे बाबा सुतार नव्हते, पोस्टात होते. एवढं बदललं. सुताराच्या मुलीला चार बहिणी दिल्या, मी एकटी आहे. घराचा रंग बदलला. मुलगी पेन्सिलने चित्रं काढते असं लिहिलं. बाकीचं

बाकीचं बदललं नाही. एकोणीस मी होते. आठ महिने खरे. दुपार खरी. त्या दुपारी आई ड्यूटीवर होती आणि मी पुढच्या खोलीत. साडेचारला बाबांच्या खोलीत गेले तेव्हा ते गेलेले होते.

पाण्याचा ग्लासही खरा. पण मी गेले तेव्हा ग्लास टेबलावर सरळ उभा होता. तो पडला होता हे मी कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही, सुचलंही नाही.

मग ते कुणाला सुचलं?

*

बुधवार.

मी सोडलं होतं: दुपारी घर इतकं शांत होतं की

वहीत होतं: दुपारी घर इतकं शांत होतं की मागच्या पायरीवर टाइपरायटर ऐकू येत होता.

माझी पाचावर धारण बसली. कादंबरीत टाइपरायटर नाही. मुलगी चित्रं काढते. टाइपरायटर माझा होता, जुन्या बाजारातून आणलेला. त्याचं एक बटण अडकायचं, ते नखाने वर काढावं लागायचं. मी त्यावर कथा लिहायचे. त्या दुपारीही लिहीत होते. आणि मागची पायरी म्हणजे बाबांच्या खोलीचं दार जिथे अंगणात उघडायचं, तिथली. दार नेहमी बंद असायचं. त्या दुपारी पायरीवर कुणी नव्हतं. म्हणजे मी तीस वर्षं असं धरून चालले होते की कुणी नव्हतं.

त्या दिवशी दीड तासात सहा शब्द लिहिले आणि सहाही खोडले.

कामावर गेले. मी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची चाचणी घेते. एक छोटी खोली असते, आतून स्पंजने मढवलेली, दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेच्या बाहेर बसून आवाज सोडते, आधी मोठा, मग बारीक, मग त्याहून बारीक.

त्या दिवशी एक निवृत्त ड्रायव्हर होता. आवाज सोडला नव्हता तरी बटण दाबत होता.

"काका, ऐकू आलं तरच दाबायचं."

"आलं ना."

"मी काही वाजवलंच नाही."

"मग कुणीतरी वाजवलं असेल," तो म्हणाला. बायको बाहेरच्या बाकावरून ओरडली, "घरी मी ओरडले तरी दाबत नाही ते बटण." सगळे हसले, मीही हसले. पण काचेतून त्याच्याकडे बघताना मला वाटलं, याची उलटी तऱ्हाही असते. आवाज येतो, नीट येतो, आणि माणूस बटणावर बोट ठेवून बसून राहतो. मशीनवर ती चूक कळत नाही. कागदावर तो माणूस बहिरा दिसतो.

मागच्या वर्षी आईची चाचणी मीच घेतली होती. तिचे कान माझ्यापेक्षा

*

चांगले आहेत.

गुरुवारी मी सापळा लावला. सापळा म्हणजे काय, एक असं वाक्य ज्याचं उत्तर कुणाकडेच नसणार. सकाळी सात वाजता लिहून ठेवलं: शेजारची बाई त्या दुपारी

शेजारच्या बाईचं पात्र मी त्याच क्षणी तयार केलं होतं.

शुक्रवारी वही उघडली: शेजारची बाई त्या दुपारी नव्हती. शेजारी कोणीच राहत नव्हतं.

खरंच राहत नव्हतं. ते घर दोन वर्षं कुलूप लावलेलं होतं. मी विसरून गेले होते.

भीती वाटते तेव्हा माणूस उगाच घरभर बघत बसतो. मी फ्रिजकडे बघितलं. फ्रिजच्या दारावर आईच्या गोळ्यांचा तक्ता चिकटवलेला असतो, तो तीच लिहिते, दर सोमवारी नवा. सकाळची, पांढरी, अर्धी. दुपारची, पिवळी, जेवणानंतर. प्रत्येक ओळीच्या शेवटी दाबून दिलेला पूर्णविराम. मला अक्षर तिनेच शिकवलं होतं, इस्पितळाच्या पाठकोऱ्या कागदांवर, माझा हात हातात धरून. म्हणून ते माझ्यासारखं दिसत होतं. म्हणजे माझं तिच्यासारखं.

तक्त्याच्या वर, फ्रिजवर, गोळ्यांचा डबा. डब्याला लागून माझ्या वहीची रोजची जागा.

मी कामावर गेले की दुपारी ती वॉकर घेऊन येते, पिवळी गोळी घेते, वही उघडते, माझं वाक्य पूर्ण करते आणि जाऊन झोपते.

आता घाबरायचं कारण उरलं नव्हतं. मी वेडी झाले नव्हते, घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि तरी मी घाबरलेलीच होते, कारण

*

कारण खरं कारण.

अर्ध्या वाक्याचं खरं कारण. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. इथेही तीनदा खोडलं.

आजारानंतर बाबांची वाचा गेली होती. एकच आवाज उरला होता, "ए". पाणी हवं तर "ए", कूस बदलायची तर "ए", आई हवी असली तरी "ए" आणि मी हवी असले तरी "ए". त्या दुपारी मी कथा टाइप करत होते. स्पर्धेला पाठवायची होती, दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. एका वाक्याच्या मध्यावर असताना आतून "ए" आलं. माझे हात थांबले. मनात म्हटलं, एवढं वाक्य होऊ दे, मग उठते.

वाक्य झालं. त्याच्यातून दुसरं निघालं.

साडेचारला उठले.

त्या कथेला दुसरं बक्षीस मिळालं.

त्यानंतर मी वाक्य पूर्ण करून उठत नाही, वाक्य टाकून उठते. हाताला तशी सवय लावली. सात वाजता कुणी हाक मारो न मारो, सोडून द्यायचं. शिस्त म्हणतात तिला लोक. मी पण म्हणते.

ती हाक मी ऐकली हे जगात फक्त मला माहीत आहे, या विश्वासावर मी तीस वर्षं जेवले, झोपले, लग्न केलं, पाच पुस्तकं लिहिली. आणि आता आईच्या अक्षरात वहीत लिहिलेलं होतं की मागच्या पायरीवर टाइपरायटर ऐकू येत होता. टाइपरायटर चालू असला तर ऐकू येतो. आणि थांबला

तर तेही ऐकू येतं.

*

शुक्रवारी मी भ्याले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा सात वाजता वाक्य पूर्ण करून वही मिटली. सुताराच्या घराच्या छपराबद्दल एक बिनकामाचं वाक्य होतं. पुढे काही जोडायला जागाच ठेवली नाही.

संध्याकाळी परत आले. आई खुर्चीत बसून लसूण सोलत होती.

"लवकर आलीस."

"पेशंट कमी होते."

"लोकांना बरं ऐकू यायला लागलं वाटतं." तिने पाकळी ताटलीत टाकली. "चेहरा का उतरलाय? ताप आहे का? इकडे ये."

हात माझ्या कपाळावर ठेवला. ताप बघताना तिचा हात जड असतो, अजूनही. आत्ता विचारावं. नुसतं "आई, वहीत तू" एवढं म्हटलं तरी पुरे. मी ताटलीतल्या पाकळ्या मोजत राहिले.

"ताप नाही," ती म्हणाली. "दुसरंच काहीतरी आहे." आणि लसूण सोलायला लागली.

शनिवारी सकाळी वही उघडली. छपराच्या वाक्यानंतर माझा पूर्णविराम होता. त्याच्याखाली नव्या ओळीवर एकच शब्द.

पुढे?

मी उभी होते ती बसले.

दोनच वाटा होत्या. वही फाडून टाकायची आणि कादंबरी सोडून द्यायची, म्हणजे आई कधीच काही बोलणार नाही. गप्प राहायला ती आमच्यात सगळ्यात पटाईत आहे. किंवा लिहायचं. सहा वाजले. सव्वासहा. बाहेर दूधवाल्याची सायकल येऊन गेली. सहा चाळीसला मी पेन टेकवलं. सातला पाच कमी असताना सोडलं, कारण त्याच्यापुढे माझा हात जाईना.

हाक आली तेव्हा मुलीने

वही फ्रिजवर, गोळ्यांच्या डब्याला लावून ठेवली. ठेवताना जरा पुढे ओढून ठेवली. म्हणजे हाताला लागेल अशी.

*

शनिवारी दवाखान्यात काय केलं ते आठवत नाही. एका बाईच्या डाव्या कानाचा अहवाल उजव्या कानाच्या रकान्यात लिहिला, डॉक्टरांनी परत पाठवला. घरी आले तेव्हा वही जागेवर होती, फक्त मागे सरकवलेली. वाचायला हात शिवशिवत होते, पण नियम मोडला नाही. खरं तर नियमाच्या आडोशाला लपले. जेवताना आईने पोळी मागून घेतली. एरवी एक खाते. नवरा म्हणाला, "सिस्टर आज फॉर्मात आहेत." ती म्हणाली, "काम केलं की भूक लागते."

रविवारी साडेपाच.

हाक आली तेव्हा मुलीने टाइपरायटर थांबवला. मग पुन्हा सुरू केला. पायरीवरच्या बाईला वाटलं, ती उठेल. मग वाटलं, नको उठायला.

एवढंच.

मी ते वाचत असताना वॉकरचे रबरी पाय फरशीवर ठप ठप करत आले. आई उठली होती. केस बांधलेले, चष्मा घातलेला, जणू ड्यूटीला निघाली आहे. समोरची खुर्ची ओढून बसली. बसताना खुबा दुखतो, तेव्हा ओठ आवळते.

"वाचलंस?"

"पायरीवरची बाई कोण?"

"तुला माहीत आहे."

"तू ड्यूटीवर होतीस. चारपर्यंत."

"दोनला सोडलं मला. ताप होता, मेट्रन म्हणाली घरी जा. मागून आले. पायरीवर बसले, बूट काढले." ती टेबलावरच्या पेनाच्या टोपणाशी खेळत होती. "आत येणार होते. म्हटलं, पाच मिनिटं. आठ महिने मी घरी ड्यूटी, बाहेर ड्यूटी. पाच मिनिटं कुणाची नसावं, एवढंच. आत तुझं टकटक चाललं होतं. बरं वाटत होतं ऐकायला."

"आई."

"मग त्यांनी हाक मारली. तुझं टकटक थांबलं. मी बूट हातात घेऊन उभी राहिले होते. तुझं पुन्हा सुरू झालं तशी मी पुन्हा बसले."

मला वाटलं होतं, हे कुणी तोंडावर म्हटलं की मी रडेन, पाया पडेन, असलं काहीतरी. काहीच झालं नाही. तीस वर्षं हिने माझ्या डब्यात पोळ्या भरल्या. माझ्या लग्नात पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं. माझं पहिलं पुस्तक आलं तेव्हा कपाटात वर ठेवलं, वाचलं नाही. आणि पूर्ण वेळ हिला माहीत होतं.

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? तुला बोलायचं तर माझंही सांगायला लागलं असतं." तिने वही बोटाने माझ्याकडे सरकवली. "तूच विचारायला सुरुवात केलीस."

"मी? मी कुठे विचारलं?"

"रोज विचारतेस की. अर्धं लिहून ठेवतेस." तिला खरंच नवल वाटत होतं. "वॉर्डात आमची वही असायची. ड्यूटी संपताना शेवटची ओळ अर्धी सोडायची. इंजेक्शन दोनला दिलं, परिणाम, एवढंच लिहायचं आणि निघायचं. पुढची सिस्टर येऊन पेशंटला बघणार आणि परिणाम लिहिणार. अर्धी ओळ म्हणजे दुसऱ्याचं काम. छत्तीस वर्षं मी कुणाची अर्धी ओळ तशी ठेवली नाही."

"ती माझी लिहायची पद्धत आहे, आई. ते तुझ्यासाठी नव्हतं."

"मग माझ्या गोळ्यांशेजारी का ठेवतेस?"

दुसरीकडे कुठे ठेवायचा विचारच कधी आला नव्हता.

"दोन वर्षं बघते आहे," ती म्हणाली. "इतके दिवस त्यात मला माहीत असलेलं काही नसायचं. कोणाची तरी प्रेमं, कोणाची भांडणं. या वेळी ग्लास आला. म्हटलं, आता पोरीला विचारायचं आहे, तोंडाने विचारवत नाही."

"ग्लास कधी पडला?"

"दुसऱ्या हाकेला."

दुसरी हाक. मी आजवर एकीबद्दलच लिहिलं होतं.

"दुसऱ्या हाकेला तुझं टकटक थांबलं नाही," आई म्हणाली. आवाज अगदी सरळ, तापमान सांगावं तसा. "त्यामुळे ती तुला ऐकू आली का नाही, हे मला कळलं नाही. तीस वर्षं कळलेलं नाही. पडला ग्लास तोही ऐकू आला का, माहीत नाही. ते तुझं तू लिही. मी तिथे सोडलं आहे बघ."

मी पान उलटलं. मागच्या बाजूला, वरच्या पहिल्या ओळीवर, तिच्या अक्षरात:

दुसरी हाक आली तेव्हा मुलीला

आणि पुढे कोरं.

*

इथे मी थांबले. कथा लिहिताना नाही, त्या सकाळी टेबलाशी थांबले. पेन हातात घेतलं होतं. मुलीला ऐकू आली नाही, असं लिहिता आलं असतं. लिहिणं हेच माझं काम आहे, आणि पटेल असं लिहिणं तर सत्तावीस वर्षं केलं आहे. टाइपरायटरचा आवाज मोठा असतो, एक बटण अडकायचं, मुलगी वाक्यात पार बुडालेली होती. आईने ते वाचून मान हलवली असती. तिलाही तेच बरं वाटलं असतं कदाचित.

समोर ती बसून होती. घाई करत नव्हती. घाई केली असती तर

मी लिहिलं: ऐकू आली होती.

आणि: ग्लासही. तो पडल्याचं ऐकलं नाही असं मी वर म्हटलं, ते खरं नाही.

आईने वही स्वतःकडे फिरवली. चष्मा वर करून वाचलं. दोनदा वाचलं असावं, वेळ लागला.

"वेळ घाल," ती म्हणाली.

"काय?"

"नुसतं ऐकू आली म्हणून चालत नाही. किती वाजता?"

"मी घड्याळ बघितलं नव्हतं."

"पावणेतीन. लिही. आकड्यात नको, अक्षरात."

मी लिहिलं. पावणेतीन हा शब्द रेघेखाली उतरला.

"त्यांचा सुतार कशाला केलास?" ती मध्येच म्हणाली. "तुझ्या बाबांना एक खिळा सरळ ठोकता येत नव्हता."

"लपवायला."

"हं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "पोस्टात कर त्यांना."

"आई, मग तू आत कधी गेलीस?"

तिने चष्मा परत घातला. मला वाटलं, आता सांगणार नाही. मग म्हणाली, "सव्वातीनला. तोवर झालं होतं. ग्लास उचलून ठेवला, डोळे मिटवले, पांघरूण सारखं केलं. पायरीवर येऊन बूट घातले आणि गल्लीतून फिरत राहिले, चार वाजून जाईपर्यंत. मग पुढच्या दाराने आले."

आणि म्हणाली होती, मी चहा टाकते, तू बाबांना बघून ये.

हे ती बोलली नाही. मला आठवलं. त्या दुपारचं मला सगळं आठवतं, पण हे वाक्य कधी आठवावं असं वाटलंच नव्हतं. इतकं साधं होतं ते. मी तिच्याकडे बघितलं. माझी आई, पाठीचं पोक, हातावर सलाइनच्या सुयांचे जुने डाग, आणि मला तिची भीती वाटली, परक्या माणसाची वाटावी तशी. तिलाही माझी वाटत असणार. एवढी वर्षं दोघी एकमेकींना चहा देत होतो.

"पावणेतीन ते सव्वातीन," मी म्हटलं. "अर्धा तास. तू पायरीवरच होतीस?"

"दाराला कान लावून. श्वास ऐकत होते. तो कसा असतो मला माहीत आहे, शेकडो ऐकले आहेत." तिने पेनाचं टोपण उलटं ठेवलं. "उठून आत गेले असते तर दोन दिवस वाढले असते. चार, फार तर. किंवा नसतेही. हे मला माहीत नाही आणि हे मी वहीत लिहिणार नाही."

"मग काय लिहिणार आहेस?"

"तिसरी."

मला आधी कळलंच नाही. "तिसरी काय?"

"हाक," आई म्हणाली. "दोन तुझ्या हिशोबातल्या. तिसरी तुला ऐकू आली नसणार, आवाज उरला नव्हता. दाराला कान होता म्हणून मला आली. ती 'ए' नव्हती." तिचा ओठ खुबा दुखल्यासारखा आवळला गेला. "त्यांनी माझं नाव घेतलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. स्वच्छ."

ती पायरीवर होती हे त्यांना कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. तिने ते तीस वर्षं रोज स्वतःला विचारलं असणार.

आतल्या खोलीत नवऱ्याचा गजर वाजला आणि बंद झाला. आईने हात पुढे केला. मी पेन दिलं. तिने वही ओढून घेतली, वॉकर बाजूला सारला, खुर्ची जवळ घेतली आणि पावणेतीनच्या खालच्या ओळीवर लिहायला लागली, एकेक अक्षर दाबून, सावकाश. मी उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न केला नाही. सात वाजून गेले. ती लिहीत होती.